घाम पाहणाऱ्या बाई

उजव्या हाताचा तळवा नाही, पालथी बाजू. ती माणसाच्या मानेवर, कॉलरच्या आत, केस संपतात तिथे टेकवायची. एक श्वास घेण्याइतका वेळ. मग म्हणायचं, "घाम हाय. जा कामावर."

आणि घाम नसला तर, "सुका हाय हा. बसवा याले." यावर अपील नसे.

या बाई आमच्या साइटवर पाणी वाटायच्या. भिलाईचा कारखाना तेव्हा अर्धा जमिनीत आणि अर्धा कागदावर होता. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, लोखंड, धूळ आणि माणसं. त्या माणसांतून बाई डोक्यावर हंडा आणि हातात गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन फिरायच्या. पाणी देण्याआधी मान तपासायच्या. गावाकडचे शेतकरी, छत्तीसगडी रेजा म्हणजे मजूर बायका, क्रेनवाले, सगळ्यांची. एकदा एक उंच रशियन इंजिनिअर टोपी काढून त्यांच्यासमोर वाकून उभा राहिला. बाईंनी हात लावला आणि मला म्हणाल्या, "हा तं नळासारखा गळून राहिला. याले मीठ द्या." त्या रशियनाला काय कळलं कोण जाणे, पण तो पुढे रोज मान वाकवायला यायचा.

एक आधीच सांगून टाकतो. आज मी त्यांना अहोजाहो करतो आहे. तेव्हा करत नव्हतो. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, नागपूरहून कंपाउंडरचा दाखला घेऊन आलो होतो, आणि ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रथमोपचार नावाचं एक टेबल सांभाळत होतो. पाणीवाल्या बाईला 'अगं' म्हणायचं, एवढं मला न शिकवता येत होतं. त्या मात्र मला पहिल्यापासून 'तुमी' म्हणायच्या, आणि नावाने नाही, 'लिहिणारे बाबू' म्हणायच्या. हे नाव मला कसं पडलं, तीच ही गोष्ट आहे.

तुमच्यापैकी कुणी मे महिन्यात तिकडे राहिलं असेल तर त्याला माझ्या थर्मामीटरचं दुखणं समजेल. तापाचं थर्मामीटर टेबलावर ठेवलं की पारा आपोआप चढून वरच्या टोकाला जाऊन बसायचा. टेबलाला ताप, खुर्चीला ताप, भिंतीच्या पत्र्याला तर हात लावायची सोय नाही. रोग्याचा ताप पाहायचा तर आधी थर्मामीटर माठातल्या पाण्यात बुडवून, झटकून, पारा खाली आणायचा आणि ताबडतोब त्याच्या जिभेखाली घालायचा. एवढ्या खटाटोपानंतर पारा पुन्हा अठ्ठ्याण्णवावर येऊन थांबला की मला गंमत वाटायची. त्या सबंध शेडमध्ये सगळ्यात गार वस्तू म्हणजे माणूस! लोखंड तापतं, दगड तापतो, आणि हा हाडामासाचा प्राणी भर दुपारी विटा वाहूनही आतून तेवढाच राहतो. कसा राहतो, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो बाईंनी केला. त्यांना करावा लागला.

बाईंचे यजमान भंडाऱ्याकडचे. घरची थोडी धानाची शेती भावाच्या हवाली करून दोघं भिलाईला आले होते. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून यजमानांनी दारूच काय, बिडीही सोडली होती. मजुरांच्या झोपड्यांत मध्यभागी बांबूच्या तट्ट्यांची एक खोली होती, तिथे रोज संध्याकाळी ते वंदना म्हणायचे आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणायचे. कामाने ते वीट लावणारे. भट्टीला गरम हवा पुरवण्यासाठी उंच लोखंडी टाक्या उभ्या राहत होत्या. त्यांना आतून विटांचं जाड अस्तर लावायचं असे. बाहेरून उन्हाने पत्रा तापलेला, आत ओला मसाला, वारा जायला एक माणूस वाकून जाईल एवढंच दार. तिथे ते सकाळी सातपासून आत असायचे.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ते दारातून बाहेर आले ते झिंगत. कुणाला तरी शिवी दिली. त्यांच्या तोंडून शिवी कधी कुणी ऐकली नव्हती. एकाला ढकललं, दोन पावलं चालले, ओकले आणि बसले. चौघांनी उचलून त्यांना माझ्या शेडपाशी आणलं. मागोमाग सुपरवायझर आला.

हा सुपरवायझर उत्तरेकडचा, वयस्क, कपाळावर गंध लावणारा, व्रतवैकल्यं करणारा गृहस्थ. वाईट माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. त्याला एकच घाई होती. टाकी पावसाच्या आधी पुरी व्हायला हवी होती.

"पी के आया है," तो म्हणाला. "उतर जाएगी. छाँव में लिटा दो. और तुम लिखो."

मी लिहिलं. रजिस्टर हिंदीत असे. 'चाल लड़खड़ाती. बोली बेतुकी. उल्टी. शराब का नशा. छाँव में लिटाया.'

थर्मामीटर मी लावलं नाही. ते टेबलावर पारा चढवून पडलं होतं. माठापर्यंत जायचं, बुडवायचं, झटकायचं, त्याचा मला कंटाळा आला. मान, कपाळ, छाती, कुठेच हात लावला नाही. शेडच्या मागच्या सावलीत त्यांना झोपवलं. सावली तासाभरात सरकली. मी चार वाजता पाहायला गेलो तेव्हा ते उन्हात होते, आणि गेलेले होते.

आठवड्यातून दोनदा मोठे डॉक्टर येत. चार साइट सांभाळणारे, दमलेले, बंगाली, केस पिकलेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी रजिस्टर पाहिलं आणि नेहमीप्रमाणे खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. रडत नव्हत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय लिहिलं ते वाचून दाखवा."

मी वाचलं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. त्या पाठ करत होत्या.

"तोंडाचा वास घेतला होता का तुमी?"

"ओकले होते ना ते," मी म्हणालो. "त्यात काय वास घ्यायचा."

"ओकारीले वास येते की दारूचा. अजूनच येते." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वास घ्यायले जवळ जावं लागते. तुमी जवळ कावून नाई गेले?"

मी रजिस्टर मिटलं. खरं कारण मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. ते तोंड कोणत्या वस्तीतल्या माणसाचं आहे, हे मला माहीत होतं. मी जन्मात त्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेलं नव्हतं.

"लिहिणारे बाबू," त्या म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून ते नाव.

मरण एक वेळ माणूस गिळतो. बाईंना गिळता आलं नाही ते दुसरंच. रजिस्टरमधली ओळ साइटवरून वस्तीत पोचली होती. संध्याकाळी वंदना म्हणणारा माणूस चोरून पितो, असं लोक बोलू लागले. शील मोडलं म्हणाले. अंत्ययात्रेला माणसंच येईनात. चुलत दीर शेजारच्याच झोपडीत होता, तो ताप आला म्हणून निजून राहिला. शेवटी दोन छत्तीसगडी मजूर आणि एक क्रेनवाला सरदारजी आले, आणि चौथा खांदा बाईंनी स्वतः दिला. तट्ट्यांच्या खोलीत त्यांच्या यजमानांची बसायची सतरंजी होती, ती कुणीतरी गुंडाळून बाईंच्या दारात आणून टाकली.

लोकांना वाटलं बाई आता गावी जातील. पण आठच दिवसांत त्या मुकादमाकडे गेल्या आणि पाणी वाटायचं काम मागून घेतलं. त्याच साइटवर, त्याच टाकीखाली.

सुपरवायझरला हायसं वाटलं असावं. "अच्छी औरत है," तो मला म्हणाला. "झगड़ा नहीं करती." मलाही वाटलं, विसरल्या. माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच पाहतो.

बाई डॉक्टरांच्या मागे लागल्या. ते आले की बाई हंडा उतरवून शेडच्या दारात बसायच्या आणि एक प्रश्न विचारायच्या. दर खेपेला एकच. डॉक्टर मोडक्या हिंदीत उत्तर द्यायचे, मी मराठी करून सांगायचो.

"घाम कावून येते?"

डॉक्टर हसले, मग खुर्ची ओढून नीट बसले. शरीर आतून सारखं तापत असतं, ते म्हणाले. काम केलं की जास्त. ती उष्णता रक्त कातडीपर्यंत आणून सोडतं, म्हणून चेहरा लाल होतो. पण बाहेर आतल्यापेक्षा जास्त ऊन असेल तर ती बाहेर जाणार कशी? मग घाम. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो, ओला माठ गार राहतो तसा.

बाईंनी यावर तीन दिवस विचार केला असावा. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "अन् घाम वाळलाच नाई तं?"

"म्हणजे?"

"टाकीच्या आत ओला मसाला असते. हवा नाई. आतून आलेल्या मानसाच्या अंगावरून धारा गळतात. वाळत नाई. मंग?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, मग तो घाम फुकट. उष्णता आतच साठते. पाणी आणि मीठ संपत जातं, एका वेळेला घामच बंद होतो, कातडी कोरडी पडते. मग ती उष्णता डोक्यात जाते.

"डोक्यात गेल्यावर मानूस कसा करते?"

"लड़खड़ाता है. बकता है. उल्टी. गिर जाता है. देखने में बिलकुल..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. रजिस्टरच्या त्या पानावर त्यांचीच सही होती हे त्यांना आठवलं की नाही, मला कळलं नाही. मला मात्र आठवलं. मी भाषांतर करायचं थांबलो. बाई म्हणाल्या, "सांगा ना बाबू. पुरं सांगा."

मी पुरं सांगितलं.

त्या दिवसापासून मानेवर हात सुरू झाला. बाईंनी सुपेल्याच्या बाजारातून कैऱ्या आणायला लावल्या, त्या उकडून गर पाण्यात घालायच्या आणि वर मूठभर मीठ. माझ्याकडच्या मिठाच्या गोळ्या मजूर फेकून द्यायचे. एकाने त्या बकरीला चारल्या आणि बकरी दिवसभर माझ्या माठाभोवती फिरत राहिली. पण बाईंचं ते आंबट पाणी सगळे प्यायचे. टाकीत अर्धा तास झाला की बाई दारावर गडवा बडवायच्या. बाहेर या. मुकादम ओरडायचा, बाई बडवत राहायच्या. बाहेर आलेल्याला त्या सावलीत बसवून ओल्या पोत्याने वारा घालायच्या. पाण्याने नाही, वाऱ्याने गार होतो माणूस, हे त्यांनी सगळ्यांना शिकवलं. त्या हंगामात आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकीतून एकही माणूस मेलेला निघाला नाही.

लोक त्यांना देवमाणूस म्हणायला लागले. मीही एकदा म्हणालो, "बाई, किती पुण्य लागेल तुला."

"पुन्य नाई पायजे मले," त्या म्हणाल्या. हंडा भरत होत्या, मान वर केली नाही. "अजून एखादा मेला तं लोक त्याचं बोलतीन. माह्या मालकाचं मांगं पडन. मले ते पडू द्यायचं नाई."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

साइटवर एकच मान अशी होती की जिला त्यांचा हात लागला नव्हता. सुपरवायझर स्वतःची सुरई घेऊन यायचा. बाईंच्या हातचं पाणी तो घ्यायचा नाही, आणि बाई समोरून आल्या की ऑफिसच्या पडवीत आत सरकायचा. बाईही थांबायच्या नाहीत. फक्त जाताना बघून घ्यायच्या, त्याची बंडी पाठीवर कुठपर्यंत भिजली आहे.

दुसरं वर्ष. ज्येष्ठातली निर्जळा एकादशी. पाऊस यायचा होता, पण ढग नुसते कोंडून बसले होते, झाडाचं पान हलत नव्हतं. शेवटच्या टाकीचं अस्तर चाललं होतं आणि वरून कुणी मोठे साहेब पाहायला येणार होते, म्हणून सुपरवायझर सकाळपासून स्वतः आतबाहेर करत होता. सुरई आणली नव्हती. उपास होता, पाण्याचाही.

अडीचच्या सुमारास आरडाओरडा झाला. मी धावलो. सुपरवायझर टाकीच्या दारातून बाहेर आला होता आणि झिंगत होता. मुकादमाला त्याने आईवरून शिवी घातली. समोर कुणी नसताना हातवारे करत बोलत होता. मग ओकला, कोरडंच, आणि गुडघ्यांवर आला. भोवती पन्नास-साठ माणसं जमली. कुणी पुढे होईना.

बाई पुढे झाल्या. घाई नव्हती. हंडा खाली ठेवला, त्याच्या मागे गेल्या आणि उजवा हात पालथा करून त्याच्या मानेवर ठेवला.

"सुका," त्या म्हणाल्या. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सांगा रे, काय झालं याले? पिऊन हाय का हा?"

घोळका अर्धं पाऊल मागे सरकला.

"नीट पाहून घ्या. चाल पाहा. बोलनं पाहा. मांगच्या साली माह्या मालकाले पाह्यलं होतं ना तुमी? हे अन् ते, काय फरक हाय?"

मी म्हणालो, "बाई, तो मरेल."

"नाई मरनार." त्यांनी त्याची बंडी धरून वरपासून खालपर्यंत फाडली. "मी मरू नाई देत. चला, उचला याले. सावलीत घ्या. पोती भिजवा."

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते नंतर कुठल्या दवाखान्यात पाहिलं नाही. बाईंनी हंड्यामागून हंडे ओतायला लावले, जांघेत, मानेखाली ओली फडकी कोंबली आणि आठ माणसांना पोती धरून वारा घालायला उभं केलं. एक दमला की दुसरा. "थांबू नका. वाळू द्या, पुन्हा भिजवा." मी या वेळी थर्मामीटर दर खेपेला माठात बुडवून, झटकून, त्याच्या काखेत धरत होतो. एकशेसात होतं. मग एकशेपाच. मग एकशेतीन. बाई त्याच्या कानाशी वाकून एकसारख्या बोलत होत्या. मला वाटलं धीर देताहेत. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, "इतक्या लवकर नाई जाऊ देत तुले. मले तू जिता पायजे."

तो शुद्धीवर यायच्या आधी त्या माझ्याकडे वळल्या.

"रजिस्टर आना."

मी आणलं.

"लिहा. चाल लड़खड़ाती. बोली बेतुकी. उल्टी." एक वर्ष झालं होतं, आणि एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. "शराब का नशा. छाँव में लिटाया."

"हे खोटं आहे, बाई."

"तेव्हा खरं होतं?"

मी लिहिलं.

सुपरवायझरने डोळे उघडले तेव्हा चार वाजले होते. तो "पानी" म्हणाला. बाईंनी गडवा भरला आणि त्याच्या ओठांपासून वीतभर दूर धरला.

"माह्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "अन् आज तुमचा उपास हाय. चालन?"

त्याने मान हलवली. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला घोट घोट पाणी पाजलं. साठ माणसं बघत होती. बाईंच्या तोंडावर दया नव्हती आणि आनंदही नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

तो डॉक्टरांचा दिवस होता. ते आले, त्याला तपासलं, अर्ध्या वाटेवरून परत आला आहे म्हणाले, आणि रजिस्टर उघडलं. वाचून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी सुपरवायझरला सरळ विचारलं, "आपने शराब पी थी?"

तो माणूस उठून बसायला धडपडला. जानवं हातात धरलं. "डॉक्टर साहब, आज एकादशी है. पानी तक नहीं छुआ था. जिंदगी में कभी..."

"लिखा तो है," डॉक्टर म्हणाले.

"माह्या मालकाचं बी लिहून हाय," बाई म्हणाल्या. "मांगचं पान काढा."

डॉक्टरांनी वर्षभरामागचं पान काढलं. दोन्ही पानं शेजारीशेजारी वाचली. खालची आपली सही पाहिली. मग पेन काढून त्यांनी सुपरवायझरसमोर धरलं. दोन्ही पानांवर दारू राहील, नाहीतर दोन्ही पानांवरून जाईल, एवढंच म्हणाले. सुपरवायझरने जुन्या पानावर लिहिलं, की मी सांगितलं म्हणून नशा लिहिली गेली, मृत्यू उष्णतेने झाला. डॉक्टरांनी खाली स्वतःची चूक लिहून सही केली आणि नव्या पानावरची नशेची ओळ खोडली. मग मी सही केली.

मला वाटलं संपलं. बाई म्हणाल्या, "कागदानं नाई होत. वस्तीत या. सगळ्याईसमोर सांगा. दुपारी बारा वाजता. टोपी नाई, छत्री नाई."

डॉक्टर म्हणाले, या माणसाला अजून काही दिवस ऊन सोसणार नाही.

"मंग थांबते," बाई म्हणाल्या. "एक साल थांबली."

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "तुम्हाला आधी कळलं होतं ना?" त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून 'तुम्ही' निघालं.

"दहा वाजता बंडी ओली होती. बारा वाजता बी. दोन वाजता पाठ सुकली. तेव्हाच समजलं."

"मग सांगितलं का नाही?"

"माह्या मालकाची पाठ सुकली, ते कोनं सांगतलं?"

नवव्या दिवशी सुपरवायझर वस्तीत आला. पायी, उघड्या डोक्याने. पाऊस दोन दिवस पडून गेला होता आणि ऊन पुन्हा चिरडीला आलं होतं. तट्ट्यांच्या खोलीसमोर सगळी वस्ती जमली होती. त्याने बोलायला तोंड उघडलं तसं बाईंनी हाताने थांबवलं, मागे जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला.

"घाम हाय," त्या म्हणाल्या. "बोला."

"वो पिये नहीं थे," तो म्हणाला. "गर्मी से गए. मैंने झूठ लिखवाया."

"मांगच्याईले ऐकू नाई गेलं."

तो पुन्हा मोठ्याने बोलला. मग तिसऱ्यांदा, रडत. मग बाईंनी त्याला जा म्हटलं आणि तो गेला. महिनाभरात तो नोकरी सोडून आपल्या मुलखात निघून गेला असं ऐकलं.

लोकांना वाटलं आता बाई रडतील, बायका त्यांना धरायला पुढे झाल्या. बाईंनी हात झटकले. वस्तीकडे तोंड करून म्हणाल्या, "तो तं परका होता. तुमी रोज त्याईच्या मांगं बसत होते. खांदा द्यायले कोन कोन आलतं, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. चुलत दीर खाली बसला आणि त्याने तोंड गुडघ्यात घातलं. कुणीतरी पळत बाईंकडे सतरंजी मागायला आलं, पुन्हा खोलीत अंथरू म्हणून. बाईंनी ती दिली नाही.

त्यानंतर त्या वस्तीत पाच महिने राहिल्या, पण कुणाच्या दारात गेल्या नाहीत. काम करत होत्या. माना तपासत होत्या. दिवाळीनंतर कळलं की त्या ओरिसाकडे जाताहेत. तिकडेही कारखाना उभा राहत होता, तिकडेही टाक्या होत्या, आणि डॉक्टरांनी कुणाला तरी चिठ्ठी दिली होती.

मी चरोद्याजवळच्या भिलाई स्टेशनवर गेलो. रात्रभर एक वाक्य घोकलं होतं. बाई फलाटावर पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. थंडीचे दिवस होते, कोवळं ऊन होतं.

"बाई," मी म्हणालो, "मी चुकलो. त्या दिवशी मी नुसता हात लावून पाहिलं असतं तरी ते वाचले असते."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं?"

"हो."

"सुपरवायझरले मी वस्तीत बोलावलं. तो बोलला, रडला, मोकळा झाला. वस्तीतल्याईले बी सगळ्याईसमोर इचारलं. तुमाले बोलावलं का?"

"नाही."

"कावून नाई बोलावलं, याचा इचार करा."

मी म्हणालो, "आता बोलवा. तुम्ही म्हणाल तिथे उभा राहतो. म्हणाल ते बोलतो."

"मालूम हाय मले. तुमी उभे राहाल, मोकळे व्हाल." त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "म्हनून तं नाई बोलावलं."

गाडी आली. पेटी जड होती. मी वाकून तिची एक कडी धरायला हात पुढे केला.

"हात नका लावू," बाई म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली, डब्याच्या पायरीवर टेकवली, वर चढल्या आणि आत ओढून घेतली. गाडी सुटली तेव्हा त्या खिडकीपाशी नव्हत्या. पलीकडच्या बाजूला बसल्या असाव्यात.